लिनक्स लॉगिनला अडते तेव्हा, नेट हरवते तेव्हा

लिनक्स वापरणाऱ्यांच्या दोन तक्रारी बहुधा जोडीने कानावर येतात. पासवर्ड बरोबर टाकूनही डेस्कटॉप उघडत नाही, ही एक. काल चालणारे नेट आज चालत नाही, ही दुसरी. त्यावर सर्रास मिळणारा सल्ला म्हणजे ‘सगळे पुसून पुन्हा टाका’. हा सल्ला मला अजिबात मान्य नाही. पुन्हा टाकल्यावर संगणक चालू होतो हे खरे, पण बिघाड कशाने झाला ते कळत नाही, त्यामुळे तो परत येण्याची वाट मोकळीच राहते. मधल्या मध्ये घरचे फोटो, हिशेबाच्या फाइली, मुलांचे प्रकल्प यांतले काहीतरी कायमचे जाते. बहुतेक वेळा यंत्रणा धडधाकटच असते. एखाद्या फाइलीची मालकी बदललेली असते, डिस्क काठोकाठ भरलेली असते, घड्याळ चुकलेले असते, नाहीतर कुठल्यातरी फाइलीत एक ओळ चुकीची पडलेली असते.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी. लॉगिन आणि नेट ही वेगवेगळी दुखणी समजून लोक त्यांच्यामागे लागतात, पण पुष्कळदा एकाचे मूळ दुसऱ्यात असते. म्हणून कशालाही हात लावण्याआधी नेमके कुठे अडले आहे ते पाहायचे, एका वेळी एकच बदल करायचा आणि केलेला बदल कागदावर लिहून ठेवायचा.

पुढचे सगळे उबुंटू, लिनक्स मिंट आणि डेबियन डोळ्यांपुढे ठेवून लिहिले आहे. कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी लहान अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत करायच्या. ‘डीएफ’ म्हणजे डी आणि एफ ही दोन अक्षरे, ‘सीटीएल’ म्हणजे सी, टी, एल.

पासवर्ड नाकारला, की आत घेऊन बाहेर काढले?

लॉगिनच्या पडद्याकडे नीट पाहा. पासवर्ड चुकीचा असल्याचा संदेश येत असेल तर गोष्ट वेगळी. पडदा क्षणभर काळा होऊन पुन्हा तेच नाव आणि तोच रकाना समोर येत असेल, तर पासवर्ड बरोबर आहे. यंत्रणेने तुम्हाला आत घेतले होते, पण तुमचे सत्र उभे राहता राहता कोसळले. याला लॉगिन लूप म्हणतात. आत गेल्यावर नुसता काळा पडदा आणि माउसचा बाण दिसत असेल, तर संशय आधी ग्राफिक्स ड्रायव्हरवर घ्यावा. आणि सगळे उघडते पण मिनिट-दोन मिनिटांनी उघडते, असे असेल तर यंत्रणा कशाची तरी वाट पाहत बसलेली असते, बहुधा नेटवर्कची.

पासवर्ड नाकारला जात असेल तर मराठीत लिहिणाऱ्यांनी आधी कीबोर्ड पाहावा. मराठीसाठी इनस्क्रिप्ट किंवा कागप कीबोर्ड जोडलेला असला की लॉगिनच्या पडद्यावरही तोच निवडलेला राहू शकतो. रकान्यात ठिपकेच दिसतात, त्यामुळे आत देवनागरी अक्षरे पडत आहेत हे लक्षात येत नाही. पडद्याच्या कोपऱ्यात भाषेचे चिन्ह असते, तिथे इंग्रजी निवडा. खात्री करायची असेल तर उबुंटूत ‘यादीत नाव नाही’ या अर्थाच्या दुव्यावर टिचकी मारा. नावाचा रिकामा रकाना उघडतो आणि त्यात टाइप केलेली अक्षरे डोळ्यांना दिसतात. कॅप्स लॉकही तिथेच कळतो.

काळ्या पडद्यावरचे लॉगिन

लॉगिन लूपमध्ये सापडलात तर कंट्रोल, आल्ट आणि एफ३ या कळा एकत्र दाबा. काही लॅपटॉपवर त्यांच्या जोडीला एफएन कळही दाबावी लागते. चित्रांचा डेस्कटॉप बाजूला होऊन अक्षरांचा काळा पडदा येतो. तिथे नाव टाइप करा, मग पासवर्ड. पासवर्ड टाकताना ठिपकेसुद्धा दिसत नाहीत, त्याने गोंधळू नका. इथे प्रवेश मिळाला तर अर्धे निदान झाले: खाते ठीक आहे, पासवर्ड ठीक आहे, डिस्क वाचता येते आहे, दोष डेस्कटॉपच्या सत्रात आहे. परत जायचे असेल तर उबुंटूत कंट्रोल आणि आल्टबरोबर एफ१, मिंटमध्ये एफ७.

संगणकाची भाषा मराठी ठेवली असेल तर या पडद्यावर संदेशांच्या जागी चौकोन दिसतील. लिनक्स कर्नलच्या या साध्या पडद्याला एका वेळी जास्तीत जास्त ५१२ चिन्हे ठेवता येतात आणि जोडाक्षरे जुळवण्याची सोय त्याच्यात नाही. त्यावर उपाय म्हणून ‘एक्सपोर्ट एलसी_ऑल=सी’ ही कमांड द्या; त्यातली एलसी_ऑल आणि सी एवढी अक्षरे मोठ्या लिपीत हवीत. त्यानंतरचे संदेश इंग्रजीत येतील. दुसऱ्या कुणाची मदत घ्यायची असेल तेव्हाही हाच इंग्रजी संदेश उपयोगी पडतो, कारण शोधल्यावर तोच सापडतो.

आता पहिली कमांड, ‘डीएफ -एच’. प्रत्येक विभाग किती भरला आहे ते ती टक्क्यांत सांगते. शेवटच्या रकान्यात नुसती तिरकी रेघ असलेली ओळ पाहा, आणि होम वेगळ्या विभागात असेल तर तीही. तिथे १०० टक्के दिसले की कारण हाती लागले. डेस्कटॉप सुरू होताना त्याला घरच्या फोल्डरमध्ये छोट्या छोट्या फाइली लिहाव्या लागतात. जागा नसेल तर लिहिता येत नाही आणि सत्र पडते. मग काळ्या पडद्यावर लॉगिन कसे झाले? कारण त्याला जवळजवळ काहीच लिहावे लागत नाही. शिवाय ईएक्सटी४ फाइल यंत्रणा विभागाचा ५ टक्के भाग मूळ प्रशासकासाठी, म्हणजे रूटसाठी, राखून ठेवते. त्यामुळे सामान्य वापरकर्त्याला डिस्क भरलेली दिसते तेव्हाही रूटला थोडे काम करता येते. दुरुस्ती करायची ती याच राखीव जागेच्या आधारावर.

जागा मोकळी करताना आधी निरुपद्रवी गोष्टी काढा. ‘सुडो एपीटी क्लीन’ ही कमांड उतरवून ठेवलेली पॅकेजे पुसते; सुडो लावले की कमांड रूटच्या अधिकाराने चालते. ‘सुडो जर्नलसीटीएल --व्हॅक्युम-साइझ=२००एम’ ही जुन्या नोंदी छाटून २०० मेगाबाइटांवर आणते; त्यातला एम मोठ्या लिपीत. मिंट वापरत असाल तर टाइमशिफ्टकडे हमखास पाहा. यंत्रणेच्या प्रती तो त्याच विभागात साठवत असेल तर काही महिन्यांत डिस्क गिळतो. ‘सुडो टाइमशिफ्ट --लिस्ट’ने यादी पाहून जुन्या प्रती काढता येतात. आणखी एक, ‘डीएफ -एच’मध्ये जागा दिसत असूनही ‘जागा नाही’ असे संदेश येत असतील तर ‘डीएफ -आय’ देऊन पाहा. लाखो बारीक फाइली साचल्या की जागा उरते पण फाइलींच्या नोंदी ठेवायचे कोठे संपते.

डिस्क मोकळी असेल तर मालकी पाहायची. लॉगिन लूपचे हे माझ्या मते सगळ्यांत जास्त दुर्लक्षित कारण आहे. घरच्या फोल्डरमध्ये ‘एलएस -एलए’ द्या. प्रत्येक फाइलीची एक ओळ येते. तिच्यातला तिसरा रकाना मालकाचा, चौथा गटाचा. सगळीकडे तुमचे नाव असायला हवे. यादीत ‘.एक्सऑथॉरिटी’ नावाची फाइल शोधा. तिच्या सुरुवातीचा एक्स मोठा असतो आणि त्याआधी टिंब असते. तिच्या तिसऱ्या आणि चौथ्या रकान्यात तुमच्या नावाऐवजी ‘रूट’ लिहिलेले असेल तर तेच दुखणे. ग्राफिक्सचा एखादा प्रोग्रॅम, किंवा डेस्कटॉप सुरू करणारी ‘स्टार्टएक्स’ ही कमांड, कधीतरी सुडो लावून चालवली की ही फाइल रूटच्या नावावर जाऊ शकते. मग पुढच्या लॉगिनला तुमचे सत्र स्वतःचीच फाइल उघडू शकत नाही. फाइल पुसू नका, नाव बदला: ‘सुडो एमव्ही .एक्सऑथॉरिटी .एक्सऑथॉरिटी-जुनी’ अशा प्रकारे, नवे नाव रोमनमध्ये काहीही द्या. पुढच्या लॉगिनला ती नव्याने तयार होते.

ही विशिष्ट फाइल मिंट आणि झुबुंटूत जास्त महत्त्वाची, कारण तिथला लॉगिनचा पडदा चालवणारे लाइटडीएम तिच्यावर अवलंबून असते. उबुंटूने २०१७ मध्ये १७.१० या आवृत्तीपासून त्याच कामासाठी जीडीएम घेतले. ते ही माहिती दुसरीकडे, तात्पुरत्या फोल्डरमध्ये ठेवते. पण ‘.कॉन्फिग’, ‘.कॅश’ आणि ‘.लोकल’ हे फोल्डर रूटच्या नावावर गेले तर दोन्हीकडे घोटाळा होतो. ‘फाइंड ~ -यूजर रूट’ ही कमांड घरातल्या अशा सगळ्या फाइलींची यादी देते. यादी मोठी असेल तर ‘सुडो सीएचओडब्ल्यूएन -आर’ (आर मोठ्या लिपीत) देऊन नाव, अपूर्णविराम, पुन्हा नाव आणि मग घरच्या फोल्डरचा पूर्ण पत्ता लिहायचा. या कमांडमध्ये तिरक्या रेघेनंतर चुकून एक मोकळी जागा पडली तर अख्ख्या यंत्रणेची मालकी तुमच्या नावावर जाते, आणि मग खरोखर पुन्हा टाकण्यावाचून फारसा मार्ग उरत नाही. एंटर दाबण्याआधी ओळ पुन्हा वाचा.

तात्पुरत्या फाइलींचा ‘/टीएमपी’ हा फोल्डरही तपासून घ्या. त्याची परवानगी १७७७ असावी लागते. कुणी ती बदलली असेल तर ‘सुडो सीएचमॉड १७७७ /टीएमपी’ एवढ्याने काम होते.

यातून काही निघाले नाही तर एक चाचणी करा, जिने पुष्कळ वेळ वाचतो. ‘सुडो ॲडयूजर चाचणी’ अशी कमांड देऊन नवा वापरकर्ता बनवा, नाव अर्थात रोमनमध्ये. त्याच्या नावाने डेस्कटॉप उघडला तर दोष तुमच्या घरच्या फोल्डरमध्ये आहे, यंत्रणेला हात लावायची गरज नाही. तोही अडकला तर दोष यंत्रणेत आहे, तुमच्या फाइली उकरत बसायचे कारण नाही.

दोष घरात आहे असे ठरले तर ‘.प्रोफाइल’ ही फाइल उघडून शेवटच्या ओळी पाहा. जावा, पायथन किंवा एखादे विकासाचे साधन टाकताना तिथे ओळी जोडल्या जातात, आणि त्यांतली एक चुकली की लॉगिन तिथेच थांबते. दोष यंत्रणेत असेल तर ‘/ईटीसी/एन्व्हायर्नमेंट’ पाहा. ही फाइल स्क्रिप्ट नाही. तिच्यात ‘एक्सपोर्ट’ची ओळ लिहून जुन्या पाथला नवा जोडायचा प्रयत्न केला तर डॉलरचे चिन्ह जसेच्या तसे घेतले जाते आणि पाथची वाट लागते. याची खूण अशी की काळ्या पडद्यावर ‘एलएस’सारखी साधी कमांडसुद्धा सापडत नाही. घाबरू नका, पूर्ण पत्ता दिला की कमांड चालतात: ‘/यूएसआर/बिन/सुडो /यूएसआर/बिन/नॅनो’ आणि पुढे त्या फाइलीचा पत्ता. चुकीची ओळ काढा, फाइल जतन करा, संगणक पुन्हा सुरू करा.

ड्रायव्हरचे थोडक्यात सांगतो. कर्नल बदलल्यानंतर एनव्हिडियाचा ड्रायव्हर नव्या कर्नलसाठी तयार झाला नाही तर काळा पडदा येतो. संगणक सुरू होताना शिफ्ट किंवा एस्केप दाबून ग्रबची, म्हणजे कर्नल निवडण्याची, यादी आणा, प्रगत पर्यायांत जा आणि आधीचा कर्नल निवडा. त्याने डेस्कटॉप उघडला तर गुन्हेगार सापडला. मग ‘सुडो उबुंटू-ड्रायव्हर्स इन्स्टॉल’ देऊन ड्रायव्हर नव्याने बसवा. जुन्या उबुंटूत लॉगिनच्या पडद्यावर खालच्या कोपऱ्यातल्या दातेरी चाकातून वेलँड या नव्या चित्रयंत्रणेऐवजी जुनी एक्सऑर्ग निवडूनही सुटका व्हायची, २५.१० या आवृत्तीपासून तो पर्याय उबुंटूच्या मूळ डेस्कटॉपवर राहिलेला नाही.

अपडेट चालू असताना वीज गेली, हे आपल्याकडचे नेहमीचे कारण. पॅकेजे अर्धवट बसतात. काळ्या पडद्यावर ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ आणि मग ‘सुडो एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’ या दोन कमांड क्रमाने द्या. लोडशेडिंगच्या गावात लॅपटॉपची बॅटरी भरलेली असल्याशिवाय मोठे अपडेट सुरूच करू नये.

कारण काहीही असो, यंत्रणा आपल्या नोंदी ठेवतच असते. ‘जर्नलसीटीएल -बी -पी ईआरआर’ ही कमांड आत्ता संगणक सुरू झाल्यापासूनच्या चुका दाखवते. ‘-बी’च्या पुढे ‘-१’ लिहिले की त्याआधीच्या खेपेच्या. नोंदी लांबलचक असतात आणि सुरुवातीला भीतीदायक वाटतात. सगळ्या वाचायच्या नाहीत. लॉगिनचा प्रयत्न केला ते मिनिट पाहा आणि त्या मिनिटातल्या पहिल्या चुकीवर थांबा. नंतरच्या पुष्कळशा चुका तिच्यातूनच उपजलेल्या असतात.

नेट आणि लॉगिन कुठे गुंततात

प्रत्येक संगणकात स्वतःशी बोलण्याचा एक आतला मार्ग असतो, १२७.०.०.१ या पत्त्याचा. त्याचे नाव ‘एलओ’. जुन्या डेबियन आणि उबुंटूत लोक स्थिर पत्ता देण्यासाठी ‘/ईटीसी/नेटवर्क/इंटरफेसेस’ ही फाइल बदलायचे आणि बदलताना एलओच्या दोन ओळी नको म्हणून काढून टाकायचे. परिणाम नेटवर दिसायचा नाही, लॉगिनवर दिसायचा: डेस्कटॉप अडकून बसायचा. आता संगणकातल्या सेवा सुरू करणारी सिस्टमडी हा मार्ग स्वतःच चालू करते, त्यामुळे तो प्रकार मागे पडला. पण त्याचा भाऊबंद अजून भेटतो. संगणकाचे नाव ‘/ईटीसी/होस्टनेम’मध्ये बदलले आणि ‘/ईटीसी/होस्ट्स’मध्ये १२७.०.१.१ समोर जुनेच नाव राहिले, की प्रत्येक सुडोला ‘यजमानाचे नाव सापडत नाही’ या अर्थाचा संदेश येतो आणि कधी कधी कमांड रेंगाळते. दोन्ही फाइलींत नाव सारखे करा. एक्सऑर्गच्या चालू सत्रात नाव बदलले तर नव्या खिडक्या उघडेनाशा होऊ शकतात, कारण प्रवेशाची नोंद जुन्या नावावर असते; बाहेर पडून पुन्हा लॉगिन केले की प्रश्न मिटतो.

संगणक सुरू व्हायलाच दोन मिनिटे लागत असतील तर ‘सिस्टमडी-ॲनालाइझ ब्लेम’ देऊन सगळ्यांत वर कोण आहे ते पाहा. नावात ‘वेट-ऑनलाइन’ असेल तर यंत्रणा नेटवर्कची वाट पाहते आहे. सिस्टमडीचा नेटवर्क सांभाळणारा भाग, नेटवर्कडी, याच्या बाबतीत ही वाट मूळ सेटिंगनुसार १२० सेकंदांची असते. केबल न लावलेले कार्ड सेटिंगमध्ये आवश्यक म्हणून राहिले असेल तर यंत्रणा पूर्ण १२० सेकंद थांबते. ‘/ईटीसी/एफएसटॅब’मध्ये लिहिलेली बाहेरची डिस्क काढून ठेवली असेल तरी असेच होते: ९० सेकंद वाट आणि मग आणीबाणीचा काळा पडदा. त्या ओळीत ‘नोफेल’ हा शब्द घातला की डिस्क नसतानाही संगणक पुढे जातो.

महाविद्यालयाच्या किंवा कार्यालयाच्या प्रयोगशाळेत, जिथे सगळ्यांचे घरचे फोल्डर एका सर्व्हरवर असतात, तिथे तर नेट गेले की लॉगिन गेलेच. पासवर्ड संगणकाने लक्षात ठेवलेला असेल तर नाव स्वीकारले जाते, पण घर जोडलेले नसते आणि सत्र कोसळते. अशा ठिकाणी लॉगिनची तक्रार आली की आधी केबल पाहावी. आणि घड्याळ. सर्व्हरवर ओळख पटवण्यासाठी कर्बेरॉस वापरणाऱ्या यंत्रणेत सर्व्हर आणि संगणक यांच्या घड्याळांत सहसा ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही. मदरबोर्डवरची सीआर२०३२ ही नाण्याएवढी बॅटरी संपली की संगणक प्रत्येक वेळी काही वर्षे मागच्या तारखेला उठतो. मग सर्व्हरचे लॉगिन नाकारले जाते आणि घरच्या संगणकावर सुरक्षित संकेतस्थळे प्रमाणपत्राची चूक दाखवतात. लोक राउटर बदलतात, खरे तर बॅटरी बदलायची असते. ‘टाइमडेटसीटीएल’ ही कमांड तारीख आणि वेळ दाखवते. फरक बरोबर साडेपाच तासांचा असेल तर बॅटरी ठीक आहे; त्याच संगणकावर विंडोज आहे आणि ते हार्डवेअरच्या घड्याळात भारतीय वेळ लिहिते, तर लिनक्स तिथे जागतिक वेळ असल्याचे धरून चालते.

नेट शोधताना पायरी सोडू नका

‘नेट नाही’ हे फार ढोबळ वर्णन झाले. आधी ‘आयपी लिंक’ द्या. कार्डाचे नावच दिसत नसेल तर ड्रायव्हर नाही किंवा कार्ड दिसत नाही. नाव आहे पण ‘नो-कॅरियर’ असे लिहिले असेल तर केबल, खटका किंवा राउटरचे तोंड पाहा. वायफायसाठी ‘आरएफकिल लिस्ट’: त्यात सॉफ्ट आणि हार्ड अशा दोन ओळी येतात. सॉफ्ट अडवलेले असेल तर ‘आरएफकिल अनब्लॉक वायफाय’ने सुटते, हार्ड अडवलेले असेल तर कुठलीही कमांड चालत नाही, लॅपटॉपवरचे बटण किंवा कळ शोधावी लागते. ड्रायव्हरच नसेल आणि तो उतरवायला नेट हवे अशी कोंडी झाली, तर फोन यूएसबी केबलने जोडून त्याचे टेदरिंग चालू करा. लिनक्स त्याला बहुधा लगेच ओळखते.

मग ‘आयपी ॲड्रेस’. पत्ता मिळालेला नसेल तर राउटरने दिलेला नाही. पत्ता आहे तर ‘आयपी रूट’ आणि त्यात ‘डिफॉल्ट व्हाया’ने सुरू होणारी ओळ, तिच्यातला पत्ता तुमच्या राउटरचा. त्याला पिंग करा. उत्तर आले तर १.१.१.१ या इंटरनेटवरच्या पत्त्याला पिंग करा. तिथूनही उत्तर आले तर नेट चालू आहे, आणि नावाने संकेतस्थळ उघडत नसेल तर दोष नावे शोधण्यात, म्हणजे डीएनएसमध्ये आहे. ‘रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस’ पाहा. ‘/ईटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ’मध्ये १२७.०.०.५३ दिसले म्हणून दचकू नका. उबुंटूत ते बरोबरच आहे, चौकशी आधी आतल्या सेवेकडे जाते आणि तिथून बाहेर. ती फाइल हाताने बदलून उपयोग होत नाही, बदल टिकत नाही. डीएनएस बदलायचा तो जोडणीच्या सेटिंगमध्ये.

‘डिफॉल्ट’च्या दोन ओळी दिसल्या तर मेट्रिकचा आकडा पाहा. डेस्कटॉपवर जोडण्या सांभाळणारा नेटवर्कमॅनेजर केबलला १०० आणि वायफायला ६०० देतो, आणि लहान आकड्याला मान असतो. दुकानात केबल सीसीटीव्हीच्या पेटीला लावलेली आणि इंटरनेट वायफायवर, अशी मांडणी असली की सगळी वाहतूक केबलकडे जाऊ लागते आणि नेट बंद पडल्यासारखे दिसते. केबलच्या जोडणीत, आयपीव्ही४च्या पानावर, ती फक्त तिच्या जाळ्यापुरती वापरण्याचा पर्याय असतो. त्यावर खूण करा.

कार्डाचे नाव बदलणे हा एक फसवा प्रकार आहे. २०१३ पासून सिस्टमडी कार्डांना त्यांच्या जागेवरून नावे देते: ‘ईएनपी३एस०’ म्हणजे ३ क्रमांकाच्या पीसीआय बसवरचे शून्य क्रमांकाच्या खाचेतले कार्ड. तुम्ही संगणकात नवी एनव्हीएमई डिस्क किंवा ग्राफिक्स कार्ड बसवले की बसचे क्रमांक सरकू शकतात आणि त्याच नेटवर्क कार्डाचे नाव ‘ईएनपी४एस०’ होते. स्थिर पत्ता जुन्या नावाने लिहिलेला असेल तर तो आता कुणालाच लागू होत नाही. डिस्क बसवल्यावर नेट गेले असे कुणी सांगितले, तर ‘आयपी लिंक’मधले नाव आणि सेटिंगमधले नाव शेजारी शेजारी ठेवून वाचा.

शेवटची गोष्ट म्हणजे कार्डाचा कारभार कुणाकडे आहे. ‘एनएमसीएलआय डिव्हाइस’ दिल्यावर कार्डासमोर ‘अनमॅनेज्ड’ दिसले तर नेटवर्कमॅनेजरने ते सोडून दिले आहे. उबुंटू सर्व्हरवर नंतर डेस्कटॉप बसवला की हे हमखास होते, कारण सर्व्हरवर नेटवर्कची सेटिंग लागू करणारे नेटप्लॅन कारभार नेटवर्कडीकडे देते. ‘/ईटीसी/नेटप्लॅन’मधल्या फाइलीची प्रत घ्या, मग तिच्यात ‘रेंडरर’समोर नेटवर्कमॅनेजर लिहा, एन आणि एम मोठे. ओळींची सुरुवात मोकळ्या जागांनीच सरकवा, टॅब चालत नाही. जुन्या लेखांतला ‘गेटवे४’ आता टाळा, ‘रूट्स’खाली डिफॉल्ट लिहा. स्थिर पत्त्यासारखा बदल करताना ‘सुडो नेटप्लॅन ट्राय’ द्यावे; १२० सेकंदांत तुम्ही एंटर दाबून मान्यता दिली नाही तर जुने सेटिंग आपोआप परत येते. दूरच्या संगणकावर काम करताना ही सोय जीव वाचवते.

विसरलेला पासवर्ड आणि त्यानंतरचे वायफाय

पासवर्ड खरोखर विसरला असेल तर ग्रबच्या प्रगत पर्यायांतून रिकव्हरी मोड निवडा आणि तिथून रूटचा पडदा उघडा. ‘माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /’ देऊन डिस्क लिहिण्याजोगी करा आणि मग ‘पासडब्ल्यूडी’पुढे आपले नाव लिहून नवा पासवर्ड द्या. पूर्ण डिस्क कूटबद्ध केलेली असेल तर आधी तिचा परवलीचा शब्द लागतो; तो विसरला तर ही वाट बंद आहे.

नव्या पासवर्डने लॉगिन होते, आणि नंतर एक खिडकी जुना पासवर्ड मागत राहते. साठवलेल्या पासवर्डांची किल्ल्यांची पेटी, कीरिंग, अजून जुन्याच पासवर्डने बंद असते. वायफायचा पासवर्ड तिच्यात असेल तर वायफाय जुळत नाही, आणि लोक राउटरवर संशय घेतात. पासवर्डाशिवाय आपोआप लॉगिन होण्याची सोय केली असेल तरी पेटी बंदच राहते आणि हाच अनुभव येतो. ‘.लोकल/शेअर/कीरिंग्स’मधली ‘लॉगिन.कीरिंग’ ही फाइल बाजूला ठेवली की नवी पेटी तयार होते. पण थांबा: क्रोमसारखे ब्राउझर आपले जतन केलेले पासवर्ड उघडण्याची किल्ली याच पेटीत ठेवतात. जुना पासवर्ड आठवण्याची थोडीशीही आशा असेल तर फाइल पुसू नका, नाव बदलून ठेवा. वायफायपुरता सोपा उपाय वेगळाच आहे. जोडणीच्या सेटिंगमध्ये ती सर्व वापरकर्त्यांना उपलब्ध करा आणि पासवर्डही सर्वांसाठी साठवा. मग तो यंत्रणेच्या फोल्डरमध्ये, फक्त रूटला वाचता येईल असा राहतो, आणि कुणी लॉगिन करण्याआधीच वायफाय जुळलेले असते.

हे सगळे करूनही पुन्हा टाकण्याची वेळ आलीच तर घाई करू नका. ज्या पेनड्राइव्हवरून लिनक्स बसवता त्यावरूनच ते न बसवता चालवताही येते. तसे चालवून घरचे पूर्ण फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. फाइलींच्या खिडकीत कंट्रोल आणि एच दाबले की टिंबाने सुरू होणारे लपलेले फोल्डर दिसतात. ब्राउझरच्या खुणा, मेल आणि किल्ल्यांची ती पेटी त्यांतच असते. प्रत झाली की दोन-चार फाइली त्या बाहेरच्या डिस्कवरून उघडून पाहा, आणि मगच जुना विभाग पुसायला द्या.